गोड्या पाण्याचा नकाशा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक महोदय. आवर्जून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, तेल कंपनीचे प्रकल्पप्रमुख. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आमचे साहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि त्यांच्या बहिणी. आणि चहा थंड होतोय म्हणून मागच्या दाराकडे बघणारे माझे सहकारी बंधू-भगिनी, आपणा सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. आजचं भाषण मी करावं हे साहेबांनी सुचवलेलं नाही. संचालकांनी सुचवलं. साहेबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "तिला नका उभं करू, ती बोलते." आणि संचालक महोदय, आपण मला आत बोलावून सांगितलंत की पाहुणे आहेत, जरा हलकंफुलकं बोला. मी प्रयत्न करणार आहे. माईक कुणीतरी थोडा खाली करेल का? हां. आता ठीक आहे.

वहिनींच्या बहिणींसाठी आधी दोन शब्द आमच्या कामाबद्दल. जमिनीखाली तेल आहे असं कळलं, की विहीर खणण्याआधी कुणीतरी जाऊन बघायचं असतं. वर काय आहे? कोण राहतं? कोणते पक्षी, कोणते मासे, कुणाचं पोट कशावर चालतं? आणि खणल्यावर या सगळ्याचं काय होईल? हे बघणारे आम्ही. आम्ही बघतो, अहवाल लिहितो आणि मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ठेवतो. निर्णय आमचा नसतो. हे शेवटचं वाक्य आम्ही नोकरीला लागल्यापासून स्वतःला सांगत आलो आहोत, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

आता हलकंफुलकं. आमचा एक तक्ता असतो. वाईट परिणाम लाल, मधला पिवळा, किरकोळ हिरवा. त्याच्या उजव्या टोकाला एक रकाना असतो, 'उपाययोजना केल्यानंतर'. गंमत अशी, की डावीकडचा लाल उजवीकडे पोचेपर्यंत हिरवा झालेला असतो. धूळ उडणार? लाल. पाणी शिंपडू. हिरवा. आवाज होणार? लाल. झाडं लावू. हिरवा. एकदा साहेबांनी आमच्या एका सहकाऱ्याचा असा तक्ता हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, खणल्यामुळे इतकं सगळं हिरवं होणार असेल, तर कंपनीला अजून दोन विहिरी खणायला सांगू या की." ते सहकारी आज इथे आहेत. हसताहेत. तेव्हा हसले नव्हते.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'परत-एकदा साहेब' म्हणायचो. साहेब, तुम्हाला हे माहीत होतं, उगाच चेहरा करू नका. पाहणी झाली, गाड्या लागल्या, सगळ्यांना घरी जायची घाई, आणि हे म्हणणार, "परत एकदा येऊ या. दुसऱ्या ऋतूत." कंपनीची गाडी नको, छापील प्रश्नावली नको. जाऊन बसायचं. लोक आपली कामं करतात, आपण बघायचं. वहिनी, तुम्ही लग्नानंतर एकदा मला म्हणाला होतात, म्हणजे माझ्या लग्नानंतर, की "हा माणूस दुकानातून भाजी घेऊन आला तरी परत एकदा जाऊन येतो." मी तेव्हा हसले होते. पुढे मलाही तीच सवय लागली, आणि माझ्या नवऱ्याचं मत तुमच्यापेक्षा वेगळं नाही.

त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. जे दिसेल ते लिहा. सगळं लिहा. "लिहिलं नाही ते कायद्याला दिसत नाही," असं ते म्हणायचे. हे वाक्य आम्ही कार्यालयात इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते बोलायला लागले की आम्ही मागून ओठ हलवायचो.

तर आता पाणथळीच्या प्रकल्पाकडे येते. येणं भागच आहे, कारण प्रमुख पाहुणे आज त्याच प्रकल्पासाठी साहेबांचा सत्कार करायला आले आहेत.

या पाणथळीची पहिली पाहणी आपण केलेली नव्हती, दुसऱ्या एका संस्थेने केली होती. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, 'प्रकल्पक्षेत्रात वस्ती आढळली नाही.' आणि ते खोटं नव्हतं, बरं का. ते लोक ज्या दिवसांत गेले त्या दिवसांत तिथं खरंच कुणी नव्हतं. तिथले रहिवासी म्हणजे लव्हाळी कापून चटया विणणारे लोक. विणून झालं की बायकामुलांसकट सगळे होड्यांतून चटया विकायला बाहेर पडतात. घरं म्हणजे मातीच्या उंचवट्यांवर उभी केलेली चटयांचीच. जाताना तीही गुंडाळून नेतात. वरून काढलेल्या छायाचित्रांत राहिले फक्त उंचवटे. अहवालात ते 'नैसर्गिक उंचवटे' म्हणून आले. पिढ्यान् पिढ्या पाट्या वाहून रचलेली माती, आणि श्रेय निसर्गाला.

काम आपल्याकडे आलं तेव्हा साहेब म्हणाले, परत एकदा. आम्ही दुसऱ्या ऋतूत गेलो. धूर दिसला, मग कुत्री भुंकली, मग माणसं दिसली. प्रत्येक उंचवट्यावर घर. मला आठवतं, साहेब होडीत उभे राहिले आणि इतके खूष झाले की होडीवाला ओरडला, "बसा हो, बुडवाल!" माणसं सापडल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

त्या वस्तीत एक बाई आहेत. सगळे त्यांना 'थोरली' म्हणतात. सगळ्यांत थोरली सून, म्हणून थोरली. आता त्यांच्या स्वतःच्या सुनांनाही सुना आल्यात, तरी नाव तेच. वस्तीतला शेवटचा शब्द त्यांचा. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आम्ही पोचलो की थोरली तांब्याभर गोडं पाणी पुढे करायची. साहेबांनी विचारलं, "हे कुठून आणता?"

थोरली म्हणाली, "तुमच्यासाठी आणलंय ना? मग प्या की."

पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. पाणी ते कुणालाही देतील, पण ते कुठून येतं हे बाहेरच्या माणसाला दाखवत नाहीत. आणि का दाखवावं? पाणथळीत राहायचं तर तेवढं एकच लपवण्यासारखं असतं.

पण साहेबांना ते लागणार होतं. आमच्या नियमांत एक कलम आहे. पिण्याच्या पाण्याचा जो स्रोत वापरात आहे त्याच्याजवळ तेलाची विहीर खणता येत नाही. म्हणजे स्रोत कुठे आहेत हे नकाशावर आलं, की पाणथळीचा बराच भाग वाचणार होता. साहेबांनी थोरलीला हे समजावून सांगितलं. मी शेजारी बसले होते, चटईचं एक टोक उगाच विणायचा प्रयत्न करत.

थोरली म्हणाली, "लिहिलं तर काय होईल?"

"लिहिलं तर कायद्याला दिसेल. मग तिथं कुणाला हात लावता येणार नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तिथं काहीच नाही असं समजून खणतील."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द," साहेब म्हणाले.

थोरलीने हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि आम्हाला होडीत बसवून घेऊन गेली. लव्हाळ्यांच्या आत वाळूची लांबलचक वरंडी, म्हणजे उंच पट्टा आहे, तिच्या पोटात हातभर खोल खड्डे. प्रत्येकावर चटई झाकलेली, चटईवर कापलेलं गवत. शेजारून गेलात तरी कळणार नाही. एकेक चटई उचलून तिने आम्हाला दाखवलं. साहेब गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी प्यायले. थोरली म्हणाली, "आता तुम्ही आमच्यातले झालात. आता तोंड बंद ठेवायचं." आणि दोघंही हसले, कारण तोंड बंद ठेवण्यासाठी ते आलेलेच नव्हते.

त्यांनी लिहिलं. काय लिहिलं! आपल्या भूजल विभागातले लोक त्यांनी महिनोन्महिने तिथं बसवले. अहवालातला पाण्याचा भाग आजही मी कुणालाही अभिमानाने वाचायला देईन. पाऊस वाळूत मुरतो, आणि ते गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. किती रुंद, किती जाड, सगळा नकाशा. ओंजळीने घेतलं तर पुढचा पाऊस ते भरून काढतो. पंपाने ओढलं तर खालचं खारं वर येतं, आणि एकदा आलं की आपल्या हयातीत खाली जात नाही. शेवटी साहेबांनी स्पष्ट शब्दांत शिफारस केली की हा प्रकल्प इथे करू नये. उजव्या रकान्यातसुद्धा त्यांनी लाल लालच ठेवला. संस्थेच्या इतिहासात ते पहिल्यांदाच घडत होतं.

आता प्रमुख पाहुण्यांची माफी मागून एक गोष्ट सांगते. ती त्यांनीच मघाशी, समारंभ सुरू होण्याआधी, मला मोकळेपणाने सांगितली, तेव्हा गुपित नाही. विहीर खणायला गोडं पाणी लागतं, भरपूर लागतं. खणणाऱ्यांच्या छावणीतल्या माणसांना लागतं ते वेगळंच. कंपनीच्या मूळ आराखड्यात ते फार लांबून, नळाने आणायचं होतं, आणि तो खर्च इतका होता की प्रकल्प गुंडाळायची बोलणी चालली होती. आम्हालाही कुणकुण होती. आम्ही कार्यालयात म्हणायचो, थोडं थांबा, हा आपोआपच मरतोय.

आणि मग आपला अहवाल पोचला.

सुधारित आराखड्यात नळ नव्हता. 'स्थानिक जलस्रोताचा वापर' असं होतं, आणि सोबत आपलाच नकाशा जोडलेला होता. आपल्या संस्थेच्या नावासकट. आणि ते कलम? त्यात 'वापरात असलेला' स्रोत म्हटलंय. वस्तीसाठी टँकर मंजूर झाला. टँकर आल्यावर खड्डे वापरात राहिले नाहीत. वापरात नसल्यावर कलम लागू नाही. इतकं सरळ. मी ते पान वाचलं आणि साहेबांच्या खोलीत गेले. तेही तेच पान वाचत होते. वर पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद उडत होते, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी कागद उडू दिला नाही तो त्यांच्यावर हातसुद्धा ठेवत नव्हता.

त्यानंतर साहेबांनी काय काय केलं हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पत्रं लिहिली. समितीपुढे गेले. नकाशा मागे घेता येईल का, असं विचारायला गेले. आपल्यापैकी काही जण तेव्हा म्हणाले की साहेबांचं आता वय झालं. मी नावं घेत नाही, चहा पुढे आहे. नकाशा मागे घेता येत नाही. जे कळलं ते कळलं.

मग जनसुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. वस्तीतले लोक मागे उभे. बोलायची पाळी आली तेव्हा थोरली पुढे आली. तिला माईक दिला, तो तिने हातात धरला आणि खाली ठेवून दिला. कंपनीच्या लोकांकडे बघितलंसुद्धा नाही. ती आमच्या टेबलाकडे वळली आणि साहेबांना म्हणाली, "यांना पाणी कुणी दाखवलं?"

साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

ती म्हणाली, "बरं." आणि जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

त्या सुनावणीचं इतिवृत्त माझ्याकडे आहे. त्यात या जागी लिहिलंय, 'एका महिलेने विचारलेला प्रश्न प्रकल्पाशी संबंधित नसल्याने नोंद घेण्यात आली नाही.'

मंजुरी आली. मंजुरीच्या आदेशात समितीने आपल्या अहवालाचं कौतुक केलंय. 'अत्यंत सखोल आणि अनुकरणीय.' पुढे कुणीतरी न्यायालयात गेलं, तिथं निकाल असा आला, की सर्व परिणामांचा इतका बारकाईने विचार झालेला असताना हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही. साहेब, तुमचा अहवाल थोडा वाईट असता, थोडा आळशी असता, एखादं पान कमी असतं, तर कदाचित कुणीतरी म्हटलं असतं की थांबा, हे नीट तपासलेलं नाही. तुम्ही कुणाला तेवढीही फट ठेवली नाहीत.

प्रमुख पाहुणे, तुम्ही आज प्रेमाने आलात. साहेबांना काचेचं स्मृतिचिन्ह दिलंत, आत विहिरीचा छोटा मनोरा आहे, खाली निळा दिवा लागतो. तुम्ही खरंच तो अहवाल पानन् पान वाचलाय, हे तुमच्या बोलण्यावरून कळतं. तुम्ही वाईट माणूस नाही. मला तेच जड जातं. वाईट असतात तर मी आज रागावून मोकळी झाले असते. वहिनींना मी मघाशी विचारलं, "हे कुठे ठेवणार?" त्या म्हणाल्या, "दिवा काढून घेईन, तेवढा उपयोगी आहे."

खणायचं काम सुरू झालं तेव्हा वस्ती हलवली, ती आता रस्त्याच्या कडेला आहे. पत्र्याच्या खोल्या, एका रांगेत. तिथून लव्हाळी लांब पडतात, म्हणून चटया होत नाहीत. साहेब तिथं गेले होते. परत एकदा, आणि परत एकदा. थोरली त्यांना भेटली नाही. सून बाहेर येऊन सांगायची, "झोपल्यात." दिवसाढवळ्या. शेवटच्या खेपेला मी बरोबर होते. आतून खोकल्याचा आवाज येत होता. साहेब पायरीवर बसून राहिले. सुनेला कसंतरी वाटलं असावं, ती म्हणाली, "टँकर आज आला नाही, नाहीतर पाणी दिलं असतं." वाळूची वरंडी अजून आहे. खड्ड्यांतलं पाणी मी चाखून पाहिलं. खारं आहे.

संचालक महोदय, आपण घड्याळ बघताय, मला दिसतंय. संपवते.

सोमवारपासून साहेबांच्या खुर्चीवर मी बसणार आहे. त्याबद्दल आपण माझं मघाशी अभिनंदन केलंत, आभारी आहे. पाहुण्यांनीही केलं, कारण त्यांच्या दुसऱ्या क्षेत्राची पाहणी माझ्याकडे आहे. ही पाणथळीला लागून असलेल्या खाडीच्या पलीकडची बाजू. गेल्या आठवड्यात मी तिथं जाऊन आले. निघायच्या आधी साहेब माझ्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत ते कधी माझ्या टेबलापाशी आले नाहीत, मलाच बोलावून घ्यायचे. हळू आवाजात म्हणाले, "कुणी काही दाखवायला लागलं, तर बघू नकोस."

मी म्हटलं, "साहेब, मग मी लिहू काय?"

ज्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, त्यांनी माझ्या टेबलावरची टाचणी उचलून डबीत ठेवली आणि गेले. साहेब, मी तेव्हा तुमच्यावर चिडले. आज चिडलेली नाही. तुम्ही जो शब्द दिलात तो खराच होता, तुम्ही तो पाळलातही. तो पाळल्यामुळेच हे झालं. हे सांगताना मला फार वाईट वाटतंय, पण तुमच्या निरोपाला तुमच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही. तुमच्याइतका चांगला माणूस या कामात मी पाहिला नाही, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

पलीकडच्या काठावर एक होड्या दुरुस्त करणारे काका भेटले. चांगले आहेत. दिवसभर बोलले. माझ्यावर विश्वास बसला त्यांचा. कसा मिळवायचा ते मी साहेबांकडूनच शिकले आहे. निघताना ते म्हणाले, "थांब पोरी, तुला एक दाखवतो. कुणाला दाखवत नाही आम्ही." आणि चालायला लागले. मी जागची हलले नाही. ते वळून म्हणाले, "येतेस ना?" मी म्हटलं, "नको काका, उशीर झालाय." अजून ऊन होतं. त्यांनी उन्हाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मला माहीत आहे याने काही वाचत नाही. मी लिहिलं नाही तर तिथं काही आढळलं नाही असं होईल, आणि मग यंत्रं येतील. लिहिलं तर नकाशा घेऊन येतील. सोमवारी कोरा तक्ता माझ्यापुढे असेल, आणि त्यात मी काय भरायचं हे मला या सभागृहातलं कुणीही सांगू शकणार नाही.

साहेबांना आणि वहिनींना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, आणि इतका वेळ शांतपणे बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला दुखावलं असेल, मान राखण्यात काही उणं पडलं असेल, तर सांभाळून घ्या. आणि ते काका मला काय दाखवणार होते हे मला खरोखरच माहीत नाही, तेव्हा चहाच्या वेळी मला ते कुणी विचारू नका, एवढीच विनंती. धन्यवाद.